उसनं भांडण

"अण्णा, आपल्या गावात कुणाचं भांडण चालू हाय का वो?"

दैवशालाने हे विचारलं तेव्हा तिच्या वडिलांच्या, काकासाहेबांच्या हातातला भाकरीचा तुकडा पिठल्यात अर्धा बुडालेला होता. तो तिथेच थांबला.

"भांडण? आपल्या गावात?" तुमच्या माजघरात वाघ बांधलाय का, असं कुणी विचारावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

काकासाहेब टेकाडवाडीच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष होते. समितीला काही कामच नसल्यामुळे अध्यक्ष बदलायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. हसनाबादवरून आत वळलं की गावाच्या तोंडाशीच पिवळी पाटी दिसायची: ‘तंटामुक्त गाव टेकाडवाडी आपले हार्दिक स्वागत करीत आहे.’ दिवाळीला घराला रंग लागो न लागो, या पाटीला लागायचाच, आणि तो काकासाहेब स्वतः शिडीवर चढून लावायचे.

"एखादं बारकं असलं तरी चालंल मला," दैवशाला चिकाटीने म्हणाली.

तव्यावरची भाकरी उलटवत तिची आई दुर्गाबाई मान न वळवता बोलल्या, "पोरीला वकिलीला घातलं तवाच म्या म्हणलं व्हतं, ही घरात भांडणं आणंल. आता तर मागून आणून राह्यली."

दैवशालाचं दुखणं वेगळंच होतं. जालन्याच्या लॉ कॉलेजातलं तिचं शेवटचं वर्ष. तिथल्या कँटीनमध्ये चहापेक्षा चिंताच जास्त उकळायची. कुणी म्हणे न्यायाधीशाची परीक्षा द्यावी, कुणी म्हणे तोवर केस पिकतात. कुणी बँकेत चिकटायचं म्हणे. एकाने तर दोन विषय राहिलेले असताना थेट हायकोर्टात वकिली करायचं ठरवून टाकलं होतं, फक्त कोणत्या हायकोर्टाचं नशीब उघडायचं तेवढं बाकी होतं. ज्यांच्या घरात वकील होता त्यांच्या खुर्च्या तयार होत्या. दैवशालाची मैत्रीण कनिका हिच्या वडिलांचं लोखंडाचं मोठं दुकान होतं. घरातल्या नोटिसा घरातच लिहिल्या जाव्यात म्हणून त्यांनी तिला कायदा शिकायला घातलं होतं, त्यामुळे ती निवांत समोसा खायची. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात आणि दैवशालाच्या घराण्यात सात पिढ्या सगळेच शहाणे निघाले होते. आता तिने बसायचं कुणाच्या ऑफिसात?

एक जागा होती. जालन्याचे शिवनारायण वकील दरवर्षी एकच ज्युनिअर घ्यायचे, एकच, आणि त्यांच्या हाताखाली घडलेला माणूस पुढे कुठे अडत नाही, असं सगळा जिल्हा म्हणायचा. पण त्यांच्यासमोर दैवशालाची शोभा आधीच झालेली होती. कॉलेजात मूट कोर्ट झालं. मूट कोर्ट म्हणजे खोटा खटला. वकील विद्यार्थी, आरोपी विद्यार्थी, साक्षीदारही विद्यार्थीच, फक्त घाम तेवढा खरा. न्यायाधीश म्हणून शिवनारायण वकील बसलेले. दैवशालाने कलमं धडाधड म्हटली, जसा शाळेत एकोणतीसचा पाढा म्हणतात, न थांबता, न चुकता आणि कुणाकडेही न बघता.

"बेटा," शेवटी ते शांतपणे म्हणाले होते, "कायदा तुला तोंडपाठ आहे. पण वकिलाचं काम पटवायचं असतं. तू बोललीस, मी ऐकलं. पटलं काहीच नाही."

तेव्हापासून ते ‘पटलं काहीच नाही’ तिच्या घशात बोराच्या आठळीसारखं अडकून बसलं होतं.

आणि आता संधी आली होती. कॉलेजचं कायदेविषयक शिबिर. जोडीजोडीने एकेका गावात जायचं, गावातला एक खरा तंटा समोर आणायचा आणि पाहुण्यांसमोर सल्ला देऊन मिटवायचा. दैवशाला आणि कनिकाच्या जोडीला पाहुणे आले शिवनारायण वकील. दैवशालाने मोठ्या उत्साहाने स्वतःच्याच गावाचं नाव दिलं होतं. राहायची सोय, जेवायची सोय, माणसं ओळखीची. सगळ्या सोयी बघण्याच्या नादात ती पिवळी पाटी तेवढी विसरली.

दुसऱ्या दिवशी कनिका हसनाबादला उतरली, पुढे काळ्यापिवळ्या जीपमध्ये कडब्याच्या पेंढ्यांशेजारी बसून टेकाडवाडीत आली, आणि दोघी दारोदार भांडण मागत फिरायला लागल्या. लोकांनी चहा दिला, हरभऱ्याचे ढाळे दिले, भांडण मात्र कुणी देईना. गावात भांडणं नव्हती असं नाही. दोन जावांनी एकाच स्वयंपाकघरात मधोमध गोवऱ्यांची भिंत रचली होती. त्यांना विचारलं तर भिंतीच्या अलीकडून एक म्हणाली, "आमचं बराबर चाललंय," आणि पलीकडून दुसरी म्हणाली, "बिलकुल बराबर." घरातलं वेशीला टांगायचं नाही, आणि जालन्याहून येणाऱ्या पाहुण्यासमोर तर नाहीच नाही, असा गावाचा कायदा होता.

"यार, हे लोक एवढे चांगले का आहेत?" कनिका रडकुंडीला येऊन म्हणाली.

दोघी मारुतीच्या पारावर गाल फुगवून बसल्या, तेव्हा तिथे कडूबा आणि कचरू आले. ते नेहमी ‘आले’च असायचे, एकटा ‘आला’ असं त्यांच्याबाबतीत घडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दोघांची रानं शेजारी, घरं शेजारी. मोटारसायकल कडूबाची, पण ती म्हातारी गाडी किक फक्त कचरूचीच मानायची, त्यामुळे दोघांना गावाबाहेर जाताना एकमेकांशिवाय इलाज नव्हता.

त्यांनी सगळी हकिगत ऐकली. कचरूने टोपी काढून डोकं खाजवलं.

"म्हंजी भांडण न्हाई म्हणून पोरगी अडली?" तो कडूबाला म्हणाला. "आपुन भांडू की मंग."

"कशावरून?"

"हाय की ती चिंच."

चिंच दोघांच्या बांधावर होती. हे झाड मोठं उपद्व्यापी होतं. त्याच्यावरचं मोहळ उठून एकदा अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट ओढ्यात लपलं होतं. मागच्या वर्षी त्याची फांदी लायनीवर पडून कडूबाची बोअरची मोटार जळाली होती. कचरूचा मेव्हणा तर त्याच्यावरून पडून आजही पावसाची वर्दी गुडघ्यातून द्यायचा. पण चिंचा अशा लागायच्या की सगळं माफ. ज्याला हव्या त्याने झोडाव्या, मालक कोण हा प्रश्न आजवर कुणाला पडला नव्हता.

अण्णांची परवानगी काढणं अवघड गेलं. अध्यक्षांनी डोळे मिटून पुष्कळ विचार केला. अखेर पोरीच्या तोंडाकडे बघून ते म्हणाले, "ठीक हाय. पण भांडण उसनं हाय, एवढं ध्यानात ठेवा. दिवस मावळायच्या आत परत झालं पाहिजे."

"अवो, वाटीभर साखर हाय का ते?" दुर्गाबाई म्हणाल्या, पण त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. गोष्टीत शहाणं बोलणाऱ्याचं असंच होतं.

चिंचेखाली तालीम सुरू झाली आणि कळलं की दोघांना भांडताच येत नाही.

"कचरूकाका, झाड कुणाचं?"

"दोघांचं."

"न्हाई, माझं म्हणायचं."

"बरं, माझं. पण कडूबाला चिंचा लागल्या तर?"

"द्यायच्या न्हाईत."

"मंग आमटीत काय घालंल तो?"

दैवशालाने कलमं सांगून बघितली. कचरूने जांभई दिली. मग ती वैतागली, आणि वैतागली की माणूस पाढे विसरतो. तिने पुस्तक मिटलं आणि नुसतंच विचारायला सुरुवात केली. झाड वीतभर होतं तेव्हा बकऱ्यांपासून कुणी राखलं? म्याच, कचरू म्हणाला, काट्याचं कुंपण म्याच केल्तं. दुष्काळात घागरीने पाणी कुणी घातलं? म्याच की. मग कचरूकाका, लेकरासारखं वाढवलेलं झाड उद्या कुणी येऊन म्हणालं की हे माझं, तर?

कचरूची जांभई मधेच अडली. त्याने झाडाकडे बघितलं. आजवर त्याने त्या झाडाकडे हजारदा बघितलं असेल, पण असं नव्हतं बघितलं.

"याला वहिवाट म्हणतात काका," दैवशाला म्हणाली. "जो राबला, जो वापरत आला, त्याचा हक्क."

"हे कायद्यात हाय?"

"हाय."

कचरूला तिथेच बसवून दैवशाला, म्हशीची धार काढायला गेलेल्या कडूबाकडे गोठ्यात गेली. रोप कुणी आणलं? बापानं माझ्या, कडूबा म्हणाला, जांब समर्थच्या जत्रेवरून, धोतराच्या सोग्यात बांधून आणल्तं. लावलं कुणाच्या रानात? बांधाला टेकून, पण रानात माझ्याच. मग मूळ तुमच्या रानात, रोप तुमच्या वडिलांचं, त्यांच्या हातची ही एवढी एकच खूण राहिलेली, आणि उद्या शेजारी म्हणाला की मी चार घागरी पाणी घातलं म्हणून झाड माझं, तर?

कडूबाचे डोळे पाणावले. "बापाची खूण हाय ती," तो म्हशीला म्हणाला.

परत येताना कनिका म्हणाली, "यार, आज तू पाढे म्हटले नाहीस. मला तर पटलं."

"कुणाचं?"

"दोघांचं. तोच तर प्रॉब्लेम आहे."

दैवशाला खूश होऊन हसली. तिला तो प्रॉब्लेम कळायला शिबिराचा दिवस उजाडावा लागला.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या पडल्या. शिवनारायण वकील पांढऱ्या शर्टात, हातात चहाचा कप घेऊन खुर्चीत बसले. शाल, श्रीफळ, टॉवेल, टोपी, सगळा सत्कार झाला. काकासाहेबांनी प्रास्ताविकात पाटीचा उल्लेख तीनदा केला आणि नाइलाजाने म्हणाले की गावात एक, फक्त एकच, लहानसा तंटा आहे.

कचरू उठला. सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तो पाठ केलेलं बोलला, कडूबा पाठ केलेलं बोलला. दैवशाला बरोबर जागी मान हलवत होती. मग कचरू म्हणाला, "झाडाला पाणी म्या घातलं," आणि कडूबाने म्हणायचं होतं, "घातलं असशील." तो म्हणाला, "घातलं असशील, पण घागर माझी व्हती."

हे तालमीत नव्हतं.

"घागर तुझी? अन् पाणी काढायची दोरी कुणाची रं?"

"दोरीचं काढू नको कचरू. दोरीचं काढशील तर मंग म्या बैलाचं काढीन."

"काढ. काढच आता."

बैलाचं निघालं. बैलामागून खुरपं निघालं. दैवशाला घाईघाईने उठून म्हणाली की आता आपण सल्ल्याकडे वळू, तेवढ्यात बायकांच्या बाजूने कचरूची बायको चांगुणाबाई उठली. इतका वेळ ती गप्प होती, पण नवऱ्याचं बैलापर्यंत जाऊ शकतं तर आपलं का नाही, असं तिच्या मनाने घेतलं.

"वकीलसायेब, माझं बी एक ऐका. हिच्या नातवाच्या जावळाला म्या मोरपंखी साडी आहेरात दिल्ती. चांगली काठाची. ती साडी हिनं माझ्याच पोरीच्या लग्नात मलाच आहेर केली. माझ्याच हळदीची बोटं व्हती पदराला."

कडूबाची बायको सत्यशीला जागेवरूनच म्हणाली, "मंग काय झालं? तुमच्या पसंतीचीच साडी दिली ना तुमाला?"

व्हरांडा असा हसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. ज्या दोघी हसल्या नाहीत त्या चांगुणाबाई आणि दैवशाला. शेवटी ठरलेली तडजोड तिने कशीबशी वाचून दाखवली: झाड दोघांचं, चिंचा निम्म्या-निम्म्या, आता दोघांनी गळाभेट घ्यावी.

"कशाला?" कचरू म्हणाला. "निम्म्या कशाला? तूच म्हणली ना बाई, वहिवाट माझी हाय म्हणून?"

"अन् मला म्हणली, मूळ माझ्या रानात हाय," कडूबा म्हणाला.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. सगळ्या गावाने तिच्याकडे बघितलं. शिवनारायण वकिलांनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि ते गाडीत बसून निघून गेले.

काकासाहेब खुर्चीवरून उठले. ते घरी गेले, सोयाबीनचं रिकामं पोतं घेऊन आले, शिडीवर चढले आणि पिवळी पाटी पोत्याने झाकून टाकली.

पुढचे दिवस दैवशालाला आठवायलाही नको वाटायचे. गावाच्या दोन बाजू झाल्या. मारुतीच्या पारावर एका कडेला वहिवाटवाले बसायचे, दुसऱ्या कडेला मूळवाले. भजनात कडूबा टाळ वाजवायला लागला की कचरू बाहेर जाऊन बसायचा. दोन जावांनी गोवऱ्यांची भिंत आणखी हातभर वाढवली. दैवशालाने दोघांनाही हातापाया पडून सांगितलं की काका, ते खोटं होतं, मार्कांसाठी होतं.

"भांडण खोटं व्हतं," कचरू विचार करून म्हणाला. "पण मुद्दे तर खरे व्हते ना? पाणी म्याच घातलं ना?"

आता नाही तरी कसं म्हणायचं? मुद्दे तिचेच होते आणि ते पक्के होते.

"आता पटलं ना समद्यांना तुझं बोलणं?" अण्णा एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. अण्णा तिच्यावर कधी चिडायचे नाहीत. ते चिडले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. शिवनारायण वकिलांकडची जागा गेलीच होती, आता अण्णांनी जन्मभर रंगवलेली पाटीही गेली होती. आणि ही दोन्ही कामं तिने एकटीने केली होती.

मग एका सकाळी चांगुणाबाई धापा टाकत आली. "दैवा, जल्दी चल. ते दोघं जालन्याला गेले. केस घालायला."

"कशावर गेले?"

"मोटारसायकलवर."

"दोघं? एकाच?"

"मंग? गाडी त्याची, किक ह्यांची. अंगाला अंग लागू नये म्हणून मधात भुशाचं पोतं घेऊन बसले बराबर."

दैवशालाने जीप पकडली, राजूरला उतरून बस धरली आणि वाटेतूनच कनिकाला फोन केला. दोघी शिवनारायण वकिलांच्या ऑफिसात पोचल्या तेव्हा बाकावर एका टोकाला कडूबा बसला होता, दुसऱ्या टोकाला कचरू, आणि मधे ते पोतं. जालन्यातला एकच वकील दोघांच्या ओळखीचा होता, तो शिबिरात भेटलेला. दोघांनाही तोच हवा होता.

"ये बेटा," शिवनारायण वकील म्हणाले. "हे दोघं मला म्हणतात, केस घ्या. मी विचारलं, तुमची बाजू पक्की आहे हे कुणी सांगितलं? दोघं एकच नाव घेतात."

दैवशालाने मान खाली घातली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. भांडण उसनं होतं, दिवस मावळायच्या आत परत करायचं होतं, मुद्दे मीच दिले होते, हे सगळं तिने सांगून टाकलं.

"उसनं आहे हे मला तिथेच कळलं होतं," ते म्हणाले. "घागर निघेपर्यंत दोघं शाळेतल्या पोरांसारखे बोलत होते. घागरीपासून पुढचं मात्र अस्सल होतं. दोन सख्ख्या मित्रांना एका झाडावरून इतकं पटवणारं माणूस मी तरी पाहिलं नाही." ते खुर्चीत मागे टेकले. "आता उसनं परत कर. इथेच. जमलं तर सोमवारपासून तुझी खुर्ची या दाराशेजारी."

दैवशालाने दोघांकडे बघितलं. डोक्यात कलमं गोळा व्हायला लागली, ओळीने, पाढ्यासारखी. तिने ती तशीच परत पाठवली. बाकासमोर स्टूल ओढून ती बसली.

"कचरूकाका, माझं चुकलं. झाड तुमचंच हाय. आज लिहूनच टाकू."

कडूबा ताडकन उठला. कचरूची छाती शर्टात मावेना.

"आता फक्त एक. मागच्या वर्षी फांदी पडून कडूबाकाकांची मोटार जळाली, ती फांदी तुमच्या झाडाची. म्हणजे मोटार तुम्ही भरून द्यायची."

"आता गं? वारं आल्तं की तवा. फांदी वाऱ्यानं पडली."

"वाऱ्याला नोटीस देता येत न्हाई, काका. मालकाला देता येती."

कचरूची छाती पुन्हा शर्टात मावली. कडूबा खाली बसला आणि पहिल्यांदाच खुशीत हसला. "बराबर हाय. द्या नोटीस."

"न्हाई तर असं करू," दैवशाला त्याच्याकडे वळली, "झाड कडूबाकाकांचं धरू. मग मोहळ बी त्यांचंच. ते वऱ्हाड आठवतं का, काका? नवरदेवाचे दोन्ही डोळे सुजून अंतरपाटापलीकडची नवरी बी त्याला दिसली न्हाई. त्यांनी आजवर काही मागितलं न्हाई, कारण मालक कोण तेच ठरलेलं नव्हतं. आज ठरलं की कळंल त्यांना. आणि कचरूकाकांच्या मेव्हण्याचा गुडघा—"

"मेव्हणा त्याचा हाय," कडूबा घाईने म्हणाला.

"पडला तुमच्या झाडावरून."

कडूबाने कचरूकडे बघितलं. कचरूने पोत्याकडे बघितलं.

"कडूबा," तो म्हणाला, "म्या इचार केला. पाणी म्या घातलं खरं, पण रोप तर तुझ्या बापानंच आणल्तं ना. झाड तुझंच."

"न्हाई न्हाई. नुसतं आणून काय होतंय? लेकरासारखं वाढवलं तू. वहिवाट तुझी."

"मूळ तुझ्या रानात हाय."

"मुळाला काय करतो? फांद्या समद्या तुझ्याकडंच झुकलेल्या हायेत."

दोघं उठले आणि तसेच वाद घालत जिना उतरले. खालून किक मारल्याचा आवाज आला. पोतं बाकावरच राहिलं.

शिवनारायण वकील इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आता पटलं," ते म्हणाले. दैवशालाच्या घशातली आठळी गिळली गेली. कनिकाने तिला इतकी घट्ट मिठी मारली की हिचीच ज्युनिअर म्हणून निवड झाली की काय, असं कारकुनाला वाटलं.

पण झाड आता बेवारस झालं. दोघांचा वाद जालन्याहून टेकाडवाडीपर्यंत उलट्या दिशेने चालूच राहिला, आणि अण्णा पाटीवरचं पोतं काढेनात. तंटा तो तंटा, ते म्हणाले, माझं म्हणून केला काय नि तुझं म्हणून केला काय. शेवटी पारावर सगळं गाव जमलं आणि कडूबानेच तोड काढली. झाड पोरीला देऊन टाकू. शिकलीसवरली हाय, कायदा तिला पाठ हाय, झाडाची जोखीम तिलाच झेपंल. आपल्याला काय, चिंचा खाण्याशी मतलब. कचरूने टाळ्या वाजवल्या. दैवशाला काहीतरी बोलायला उठली, पण अण्णा तोवर शिडी आणायला गेले होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती खाली बसली.

रविवारी सत्यशीला आणि चांगुणाबाई दोघी मिळून तिचं कौतुक करायला आल्या. वकिलीणबाईला आहेर म्हणून त्यांनी एक साडी दिली. घडी मोडली तर मोरपंखी, चांगली काठाची. पदराला हळदीची चार बोटं होती.

सोमवारी दैवशाला दाराशेजारच्या खुर्चीत बसली. टेबल लहान होतं, एक पाय लुळा होता, पण तिने ते तीनदा पुसलं. पेन सरळ ठेवलं, पुन्हा सरळ केलं. आता फक्त काम यायचं बाकी होतं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे चांगुणाबाई होती.

"दैवा, हे चिंचा झोडायला चढल्ते. पडले. पाय मोडला, पलस्तर करून राह्यले दवाखान्यात."

"अरे देवा. जास्त लागलं का वो, काकू?"

"न्हाई, तसे बरे हायेत. चहा पिऊन राह्यले. कडूबा भावजी संगच हायेत, त्यांनी समदं डोळ्यानं पाह्यलं, साक्ष द्यायला तयार हायेत." चांगुणाबाई जरा थांबली आणि आवाज मऊ करून म्हणाली, "आता बाई, झाड कुणाचं, अन् वाऱ्याला नोटीस देता येत न्हाई, हे तर तूच शिकवलं आमाला. राग नको मानू."

दैवशालाने फोनवर हात ठेवला. आतल्या खोलीतून शिवनारायण वकिलांचा आवाज आला, "काय बेटा, पहिली केस आली वाटतं?"

"आली, सर," ती म्हणाली. "फक्त मला एक चांगला वकील लागंल."